तारा जोडून घडवलेला आवाज: सुरुवात कशापासून?

कोडच्या ओळी न लिहिता, पडद्यावर चौकोन मांडून ते तारांनी जोडायचे आणि ध्वनी घडवायचा, यासाठी मुख्यतः दोन सॉफ्टवेअरची नावं पुढे येतात: मॅक्स आणि प्युअर डेटा. दोन्हींचा जनक एकच, मिलर पकेट. मॅक्स त्यांनी १९८०च्या दशकात पॅरिसच्या इर्कम संस्थेत रचलं, प्युअर डेटा १९९०च्या दशकात. मॅक्स विकत घ्यावं लागतं. प्युअर डेटा फुकट आहे, लिनक्सवर चालतं, अगदी रास्पबेरी पायवरही. नवशिक्याने प्युअर डेटापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे, आणि ते केवळ पैशापायी नाही. त्यात सजावट कमी, त्यामुळे गणित उघडं राहतं. २२० आणि २२१ हर्ट्झचे दोन 'ऑस्क~' (सूर निर्माण करणारे चौकोन) घ्या, त्यांची बेरीज ०.१ने गुणा (हे विसरलात तर कानांची खैर नाही) आणि ध्वनी बाहेर पाठवणाऱ्या 'डॅक~'ला जोडा. आवाज सेकंदाला एकदा फुगतो, ओसरतो. तानपुरा जुळवताना कानाला जाणवणारी डोल इथे आकड्यांत हाती लागते.

मॅक्स दिसायला देखणं, त्यातली मदतपानंही सरस, हा आक्षेप रास्तच आहे. शिवाय प्युअर डेटात एका टोकातून निघालेल्या तारांपैकी कुठली आधी चालणार हे त्या कोणत्या क्रमाने जोडल्या यावर ठरतं, आणि तो क्रम पडद्यावर दिसत नाही. मॅक्समध्ये तो चौकोनांच्या जागेवरून, उजवीकडून डावीकडे ठरतो. पण क्रम स्पष्टपणे ठरवून देणारा 'ट्रिगर' हा चौकोन वापरायची सवय लागली की हा घोळ मिटतो, आणि चौकोन हलवले की क्रम बदलणाऱ्या मॅक्समध्येही तीच सवय तारते. एबल्टन लाइव्ह या संगीताच्या सॉफ्टवेअरवरच ज्यांचं रोजचं काम आहे, त्यांनी मात्र खुशाल मॅक्स फॉर लाइव्ह घ्यावं.