सौदा, पंचांग आणि माळव्यातील मराठी घर

परमुलुखात बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसाची पहिली गाठ पडते ती वाण्याशी आणि भाजीवालीशी. धार-देवासच्या मराठी मंडळींची गोष्ट मात्र किंचित निराळी आहे. पहिल्या बाजीरावाच्या काळात पवार माळव्यात आले. धारला एक गादी झाली, देवासला तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांच्या दोन झाल्या. त्यांच्यामागून कारकून, भिक्षुक, शिलेदार अशी कुटुंबे आली आणि येथलीच झाली. राज्य आपले, दरबारात मराठी, जुन्या दप्तरात मोडी. मग आपण परक्या प्रांतात आहोत असे पुरुषमंडळींना कित्येक पिढ्या वाटण्याचे कारणच पडले नाही.

बायकांचे तसे नव्हते. दारावर येणारी भाजीवाली, कुंभारीण, दूधवाला यांपैकी कोणालाही दरबारी मराठीशी कर्तव्य नव्हते. त्यांच्याशी ‘म्हारो’, ‘थारो’, ‘कंई’ असेच बोलावे लागे. घोसाळ्याला येथे गिलकी म्हणतात, पेरूला जाम म्हणतात आणि उपासाच्या भगरीला मोरधन म्हणतात, हे ज्ञान कोणत्याही शाळेत मिळाले नाही. ते ओट्यावर बसून भाव करताना मिळाले. घरातील कर्ते पुरुष माळवीला गावंढळ समजत. त्यांच्या पानात पडणारी भाजी मात्र त्याच गावंढळ बोलीत घासाघीस करून आलेली असे.

देवासची तऱ्हा आणखीच गमतीची. थोरली पाती आणि धाकटी पाती ही दोन संस्थाने एकाच गावात नांदत होती. मुख्य रस्त्याच्या दोन बाजूंना दोन कारभार, पाण्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही वेगवेगळी. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी चिटणीस म्हणून येथे राहिले होते. त्या दिवसांची हकीगत त्यांनी ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ च्या पुस्तकात सांगितली आहे. रस्ता ओलांडला की राज्य बदले. भाजीवालीची बोली मात्र दोन्ही बाजूंना माळवीच.

१९४८ मध्ये ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये मध्यभारत मध्य प्रदेशात गेला. अर्ज हिंदीत, निकाल हिंदीत, शाळा हिंदीत. मराठीची एकेक कामे तिच्या हातून निघून गेली आणि ती माजघरात व देवघरात येऊन बसली. बायकांनी जे पूर्वीच शिकून घेतले होते ते पुरुषांना आता उतारवयात शिकावे लागले. लिपी एक, शब्दही तेच, पण अर्थ मात्र भलतेच! आपल्या व्यस्त प्रमाणाचा ‘व्यस्त’ हिंदीत कामात गढलेला असतो, आपली आपत्ती तेथे नुसती हरकत ठरते. आणि शिक्षण खात्याला ‘शिक्षा विभाग’ म्हणतात हे प्रथम ऐकून पुण्याहून आलेली सून दचकते.

ही देवघेव एकतर्फी राहिली नाही. आमच्या घरांत आता पाऊस ‘होतो’, भाजी ‘बनते’, आणि एखादे काम ‘माझ्याकडून नाही होणार’ असेही सर्रास ऐकू येते. पुण्यामुंबईचे पाहुणे त्यावर हसतात. मला ते हसणे अन्यायाचे वाटते. रोजच्या वापरातील भांड्याला पोचे यायचेच. फडताळात ठेवलेले तेवढे लखलखीत राहते.

पंचांगाच्या बाबतीत मात्र आपली घरे हटली नाहीत. येथले महिने पौर्णिमेला संपतात, आपले अमावास्येला. त्यामुळे शेजारीण वडाची पूजा ज्येष्ठी अमावास्येला करते, आणि आपल्याकडच्या सुना पंधरा दिवसांनी पौर्णिमेला सूत घेऊन निघतात. शेजारच्या घरी श्रावण लागतो तेव्हा आपल्याकडे आषाढ चालूच असतो. उज्जैनला महाकालाची सवारी श्रावणातील सोमवारी निघते, ती येथला भाद्रपद लागल्यावरही त्याच्या कृष्णपक्षातील सोमवारी निघत राहते. हा आपल्या महिन्याचा मान आहे, आणि रस्त्याच्या दुतर्फा दर्शनाला उभ्या राहणाऱ्या सर्व माळव्याने तो आपलासा केला आहे.

ज्या वर्षी दरबारी मराठी मावळली त्याच वर्षी, १९४८ मध्ये, कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. जन्म कन्नड मुलुखातला, गाण्याची तालीम मुंबईची. माळवीशी त्यांचे कसलेच नाते नव्हते. गाणे बंद असलेल्या त्या वर्षांत त्यांनी येथील लोकगीते कान देऊन ऐकली, आणि त्या धुनांतून पुढे नवे राग निर्माण केले. १९९२ मध्ये ते वारले तेही देवासलाच. त्यांच्या आधी दोन शतके येथे नांदणाऱ्या आम्हा मंडळींना त्या गाण्यांत ऐकण्याजोगे काही आहे असे वाटले नव्हते, हे नमूद केले पाहिजे.

आज आजी मराठीत विचारते आणि नातू हिंदीत उत्तर देतो. दोघांचे अडत नाही, म्हणून कोणी काळजीही करीत नाही. अडते ते कागदाशी. आजोबांनी लिहिलेले पत्र नातवाला लागत नाही, आणि पेटीतली मोडी सनद वाचणारा तर गावोगाव शोधावा लागतो. मुलांना मराठी यावी म्हणून गणेशोत्सवात नाटुकली बसवतात. ती बसवावीत, पण दहा दिवसांच्या कामावर भाषा वर्षभर पोसली जात नाही. तिला घरचे एखादे रोजचे काम द्यावे. मला सुचते ते अगदी साधे आहे. महिन्याच्या किराण्याची यादी घरातील शाळकरी मुलाने मराठीत लिहावी, आजीने सांगावी, आणि दुकानात जाऊन त्यानेच ती हिंदीत वाचून दाखवावी. शेंगदाणे लिहून मूंगफली मागताना त्याला दोन्ही भाषा एकदमच येतील. यादीत त्याने ‘मोरधन’ लिहिलेले आढळले तर ते खोडू नये. शेजारी भगर एवढे लिहवून घ्यावे.