लढाईतील जयापजय

लढाईतील जयापजय : शत्रूचे लढण्याचे सामर्थ्य व इच्छा मोडून काढणे म्हणजे लढाईतील विजय होय. संख्याबल, शस्त्रास्त्रे, रसद, भूप्रदेश, मनोधैर्य व सेनापतीचे कौशल्य हे विजयाचे घटक म्हणून सामान्यतः सांगितले जातात. तथापि त्यांची सुटी मोजदाद करून मोठ्या लढायांच्या निकालांचा उलगडा होत नाही. एका घटकातील उणीव दुसऱ्याने कितपत भरून काढली, हे प्रत्येक लढाईत वेगळेच आढळते.

संख्याधिक्य पुरेसे नसते, याचे प्रसिद्ध उदाहरण कॅनीच्या लढाईचे (इ. स. पू. २१६) आहे. हॅनिबलने सु. ५०,००० सैन्यानिशी सु. ८०,००० रोमनांना वेढून त्यांचा संहार केला. त्याच्या मध्यफळीने मागे सरत रोमन पायदळाला आत ओढले, दोन्ही बगलांच्या आफ्रिकी पायदळाने त्याला कोंडले आणि रोमन घोडेस्वारांना उधळून परतलेल्या घोडदळाने पिछाडी बंद केली. या व्यूहाची वाखाणणी पुष्कळ होते. त्याला आधारभूत असलेले घोडदळाचे वर्चस्व मात्र दुर्लक्षिले जाते. झामाच्या लढाईत (इ. स. पू. २०२) मॅसिनिसाचे न्युमिडियन घोडदळ रोमच्या बाजूस होते. सेनापती हॅनिबलच असूनही पिछाडीवर आलेल्या घोडदळाने या वेळी कार्थेजचाच पराभव घडविला.

पानिपतच्या पहिल्या लढाईत (१५२६) बाबराने गाड्या कातडी दोरांनी जखडून त्यांच्या आडून तोफा व बंदुका चालविल्या आणि बगलांवरून घोडदळ पाठवून इब्राहीम लोदीच्या मोठ्या सैन्याची मध्यावर दाटी केली. दुपारपर्यंत लढाई संपली. येथे नव्या शस्त्राइतकेच त्याच्या वापराच्या पद्धतीला महत्त्व होते.

लढाईचा निकाल अनेकदा रणांगणाबाहेर ठरतो. पालखेड येथे (१७२८) पहिल्या बाजीरावाने वेगवान घोडदळाच्या हालचालींनी निजामास त्याच्या तोफखान्यापासून दूर ओढले आणि त्याचे अन्नपाणी तोडले. मोठी हातघाई न होताच निजामाला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. तेहतीस वर्षांनी पानिपतच्या तिसऱ्या लढाईत (१४ जानेवारी १७६१) हेच अस्त्र मराठ्यांवर उलटले. ऑक्टोबर १७६० मध्ये अहमदशाह अब्दालीने बागपत येथे यमुना ओलांडल्यामुळे सदाशिवरावभाऊंचा दिल्लीशी असलेला मार्ग तुटला. छावणीत बिनलढाऊ माणसे व यात्रेकरू मोठ्या संख्येने होते. त्यांचाही भार धान्यसाठ्यावर पडत होता. अब्दालीची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. जानेवारीत उपाशी माणसे व खंगलेली घोडी घेऊन बाहेर पडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. असे असूनही इब्राहीमखान गारद्याच्या पलटणींनी सकाळी रोहिल्यांची फळी मोडली, ही गोष्ट पराभवाच्या वर्णनांत झाकोळून जाते. दुपारी अब्दालीने मागे राखलेले ताज्या दमाचे सैन्य लढाईत घातले. भाऊंजवळ तशी राखीव फौज उरली नव्हती. विश्वासराव गोळी लागून पडल्यावर फळी विस्कटली. त्यांचा मृत्यू हेच पराजयाचे कारण मानण्याचा प्रघात असला, तरी तो आघात पेलण्याचे बळ उपासमारीने आधीच खचलेले होते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

युद्धातील अनपेक्षित अडचणींना क्लाउझेव्हिट्स (१७८०–१८३१) या प्रशियन युद्धविचारवंताने ‘घर्षण’ असे नाव दिले. वॉटर्लू येथे (१८ जून १८१५) रात्रीच्या पावसाने चिखल झालेली जमीन वाळावी म्हणून नेपोलियनने हल्ला लांबणीवर टाकला. त्याच दिवशी ब्ल्यूखरचे प्रशियन सैन्य वेलिंग्टनच्या मदतीस पोहोचले. मिडवे येथे (जून १९४२) अमेरिकेने जपानी आरमाराचे सांकेतिक संदेश अंशतः उलगडून हल्ल्याचा अंदाज बांधला होता. जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या, अमेरिकेने एक.

रणांगणावरील विजय आणि युद्धातील यश यांत अंतर असते. कॅनीनंतरही रोमने तह केला नाही. मित्रराज्यांपैकी बहुसंख्य त्याच्याशी एकनिष्ठ राहिली आणि नव्या सैन्याची भरती चालूच राहिली. पानिपतनंतर अब्दाली काही महिन्यांतच अफगाणिस्तानात परतला. १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हस्तगत केली व जानेवारी १७७२ मध्ये त्यांच्या संरक्षणाखाली बादशाह शाह आलम राजधानीत आला.