पडद्यावरचा पिवळा, कॅनव्हासवरचा पिवळा

अमूर्त चित्राचा आराखडा संगणकावर केला, तर ते चित्र हातचं राहतं का? साताऱ्यात काय, सांगलीत काय, चित्रकलेवर बोलायला उभा राहिलो की हा प्रश्न हमखास येतो.

सांगलीच्या मार्केट यार्डात सौद्याला आलेली हळद पिवळी दिसते, कारण ती प्रकाशातला निळा भाग शोषून घेते. तिचाच फोटो संगणकावर पाहा. पडद्यावर पिवळे दिवे नसतातच. लाल आणि हिरवे बारीक ठिपके एकदम उजळतात आणि डोळ्याला पिवळा भासतो. पॅलेटवर मात्र लाल-हिरवा कालवला, तर मातकट तपकिरी हाती येतो.

म्हणून संगणकावर आकार सरकवावेत, उलटवावेत, दहा मांडण्या करून पाहाव्यात. रंग मात्र हातानेच पुन्हा शोधावा लागतो. थर किती जाड द्यायचा, खालचा रंग कुठे डोकावू द्यायचा, हे पडदा सांगत नाही.

नव्या साधनाने हात बाटत नाही. वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांनी अमूर्त चित्रांसाठी रोलर आणि पॅलेट नाइफ वापरली. अकबर पदमसी (१९२८-२०२०) यांनी तर संगणकावरच ‘कॉम्प्युग्राफिक्स’ केली.

शंका असेल त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात जावं. रविवर्म्यांची मूळ तैलचित्रं जवळून पाहावीत, मग तीच मोबाइलवर पाहावीत. चित्र तेच असतं, पण रंगाचा थर पडद्यावर येत नाही. चित्रकाराचा हात त्या थरात असतो.