हवेतली टॅक्सी, जमिनीवरचा पेच

उडती टॅक्सी ही अगदी आत्ताची कल्पना, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात १९६५च्या डिसेंबरातच न्यूयॉर्कमधल्या पॅन अ‍ॅम इमारतीच्या गच्चीवरून, एकोणसाठ मजल्यांच्या उंचीवरून, केनेडी विमानतळासाठी हेलिकॉप्टरं सुटू लागली होती. पुरेसे प्रवासी मिळेनात म्हणून १९६८मध्ये सेवा थांबली आणि १९७७मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी १६ मे रोजी गच्चीवर उभ्या असलेल्या हेलिकॉप्टरच्या चाकाचा आधार मोडला आणि पंखे फिरत असतानाच ते कलंडलं. चढण्यासाठी थांबलेली चार माणसं पात्याने मारली गेली. पात्याचा तुकडा खाली कोसळला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईंचाही जीव गेला. ती गच्ची कायमची बंद झाली. अपघात झाला तेव्हा यंत्र हवेत नव्हतंच. आजही घोडं पेंड खातं ते उतरण्याच्या जागेपाशीच.

मोबाइलवर बोलावली की विजेवर चालणारी ही उडती टॅक्सी आपल्या सोसायटीच्या गच्चीवर येईल, हा दुसरा भ्रम. त्यासाठी भार पेलणारी गच्ची, चार्जिंग आणि अग्निशमनाची सोय लागते. येण्याजाण्याच्या वाटेत टॉवर, क्रेन, तारा चालत नाहीत. मुंबईत तर विमानतळच भर वस्तीत, त्यामुळे वरचं बरंचसं आकाश विमानांनी आधीच अडवलेलं. कनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत, अशी घोषणा भारताच्या इंटरग्लोब आणि अमेरिकेच्या आर्चर या कंपन्यांनी २०२३मध्ये केली. ही सात मिनिटं नुसत्या उड्डाणाची. तळापर्यंत पोचणं, तपासणी आणि उतरल्यावरची रिक्षा धरून हिशेब करा!

विजेवर चालते म्हणून लांब जाईल, असंही नाही. विमानाच्या इंधनात किलोमागे जेवढी ऊर्जा असते, तिचा साधारण पन्नासावा हिस्सा लिथियम बॅटरीत मावतो. त्यात सरळ वर उठताना ताकद सर्वाधिक खर्च होते. व्होलोकॉप्टर कंपनीच्या दोन आसनी यंत्राचा पल्ला जेमतेम ३५ किलोमीटर. आवाज हेलिकॉप्टरपेक्षा कमी, हे मात्र खरं.

वाहतूक कोंडी सुटेल, हे तर विसराच. जॉबी कंपनीच्या यंत्रात पायलट सोडून चार जागा. चाळीस जणांची एक बस रिकामी करायला दहा फेऱ्या लागतील.

२०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये व्होलोकॉप्टर प्रवासी नेणार होती. प्रमाणपत्र वेळेत मिळालं नाही आणि वर्षअखेरीस कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तेव्हा 'एअर टॅक्सीच्या तळापासून पाच मिनिटांवर' असं सांगून कोणी फ्लॅट विकू लागला, तर आधी त्या तळाच्या मंजुरीचा कागद मागा.