टर्मिनल मेलं नव्हतं!

सिरीयल पोर्ट म्हटलं की आपल्याला आठवते ती व्हायव्हा. 'आरएस-२३२ च्या व्होल्टेज लेव्हल सांगा' असं सरांनी विचारलं की 'प्लस-मायनस बारा' असं ठोकून द्यायचं आणि सुटायचं. मीसुद्धा तशीच सुटले होते. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ह्या विषयाने मला गिरगावात, खोताच्या वाडीत गाठलंच.

वाडी न पाहिलेल्यांसाठी : जगन्नाथ शंकरशेट रोडवर सेंट तेरेसा चर्चजवळून एक बोळ आत जातो आणि लाकडी जिन्यांचे, व्हरांड्यांचे जुने बंगले सुरू होतात. तिथल्या एका घराच्या तळमजल्यावर भाडेवसुलीचं छोटं ऑफिस आहे. बाबांचे एक मित्र तिथे हिशेब बघतात. १९९० च्या दशकातलं युनिक्स मशीन, त्याला जोडलेलं एक टर्मिनल (म्हणजे नुसता स्क्रीन आणि कीबोर्ड, स्वतःचं डोकं नाही) आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एवढाच संसार. मशीनचा स्वतःचा मॉनिटर केव्हाच गेलाय. थोडक्यात, सगळ्या भाडेकरूंची जुनी खाती आत, आणि आत शिरायचं दार एकच!

ह्या भागात भाडेपावतीची किंमत पागडीच्या घरात राहणाऱ्याला सांगायला नको. भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. पण आजही इमारत रिडेव्हलपमेंटला निघाली की पहिला प्रश्न येतो, 'पावत्या आहेत का?' एक आजी जुन्या पावत्यांच्या नकलेसाठी तीन दिवस चकरा मारत होत्या आणि टर्मिनलवर नुसता कचरा. प्रश्नचिन्हं, चौकोन, काहीही.

काका म्हणाले, "अगं, टेबल फक्त आतल्या खोलीतून पुढच्या खोलीत आणलं. दुरुस्तीवाला म्हणतो टर्मिनल गेलं, आता हे मिळत नाही."

कचरा दिसला की पहिला संशय बॉड रेटवर. एका बाजूला ९६०० आणि दुसऱ्या बाजूला ४८०० असेल तर घेणारा भलत्याच क्षणी बिट वाचतो. ९६०० ला एक बिट जेमतेम १०४ मायक्रोसेकंद टिकतो, त्यामुळे चूक व्हायला वेळ लागत नाही. टर्मिनलच्या सेटअपमध्ये पाहिलं : ९६००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. काकांच्या डायरीतही तेच. शिवाय एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. रेट चुकला असेल तर तीच की दाबल्यावर साधारण तोच कचरा येतो. इथे दर वेळी वेगळा येत होता, आणि कोणी की दाबली नाही तरी येत होता! म्हणजे वायरवर कोणीतरी तिसराच बोलत होता.

मग लूपबॅक. सगळं बंद करून केबल काढली, टर्मिनलच्या पंचवीस पिनी कनेक्टरच्या २ आणि ३ नंबरच्या पिना यू-पिनने जोडल्या आणि पुन्हा चालू केलं. २ वरून अक्षर बाहेर जातं, ३ वरून आत येतं. लोकल एको बंद ठेवून टाइप केलं तर अक्षरं स्वच्छ उमटली. म्हणजे टर्मिनल जिवंत! मग केबल लावून तिच्या मशीनकडच्या टोकाला तीच यू-पिन. तरी स्वच्छ. झालं, केबलही ठीक, दोष मशीनचा, असं मी जाहीर करून मोकळी झाले. काकांचा चेहरा पडला.

इथे मी चुकले, आणि पुस्तकात ही चूक ठळक करून कोणी सांगत नाही. आरएस-२३२ मध्ये '१' म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि '०' म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. पण हे व्होल्ट मोजायचे कशाच्या तुलनेत? सात नंबरच्या पिनेच्या, म्हणजे सिग्नल ग्राउंडच्या. लूपबॅकमध्ये टर्मिनल स्वतःशीच बोलतं, ग्राउंडही स्वतःचंच वापरतं. सात नंबरची वायर तुटली असली तरी ही टेस्ट पास!

मल्टिमीटरने कंटिन्युइटी पाहिली. २ ला बीप, ३ ला बीप, ७ ला शांतता. हूड उघडला तर सोल्डर सुटलेला आणि सुटलेलं टोक काळं पडलेलं. ते काही आठवड्याभरापूर्वीचं दिसत नव्हतं.

मग इतके दिवस चाललं कसं? आतल्या खोलीत दोघांचे प्लग एकाच थ्री-पिन बोर्डावर होते. दोन्ही यंत्रांत सिग्नल ग्राउंड आतून बॉडीला, म्हणजे अर्थिंगला जोडलेलं. त्यामुळे परतीचा रस्ता सातव्या वायरीऐवजी भिंतीतल्या अर्थिंगमधून मिळत होता. पुढच्या खोलीत टर्मिनल वेगळ्या बोर्डावर गेलं आणि तो रस्ताही तुटला. टर्मिनलचा कनेक्टर आणि मशीनची बॉडी यांच्यात मीटर लावला तर नव्वदच्या आसपास व्होल्ट एसी! पॉवर सप्लायच्या फिल्टरमधून झिरपणारी ही मेन्सची गळती. करंट अगदी थोडा, पण पन्नास हर्ट्झचा हा गोंधळ डेटा म्हणून वाचला जायला पुरेसा. कनेक्टरच्या स्क्रूला टेस्टर लावला तर दिवा लागला. अशा स्थितीत चालू यंत्राची केबल काढ-घाल केली तर लाइन ड्रायव्हरची चिप उडू शकते, म्हणून आधी सगळं बंद.

(हॉस्टेलमध्ये दोन बोर्ड सिरीयलने जोडून रात्रभर कचरा बघत बसणाऱ्यांनो, आधी दोघांचे ग्राउंड जोडलेत का ते बघा! आणि आरएस-२३२ ची वायर मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला थेट लावू नका, मध्ये मॅक्स-२३२ हवा.)

नुसता सोल्डर मारूनही चाललं असतं, पण मग गळती सातव्या वायरीतून वाहत राहिली असती. म्हणून वायरमनला बोलावलं. त्याने पुढच्या खोलीचा बोर्ड उघडला. सॉकेटला तिसरं भोक होतं, मागे वायरच नव्हती.

संध्याकाळी लॉगिन आलं. आजींच्या पावत्या निघाल्या, पण प्रिंटरची रिबन सुकलेली असल्यामुळे फिकट. आजींनी काकांकडून प्रत्येकीवर शिक्का दोनदा मारून घेतला.