तारण सर्वांसाठीं कीं कांहींसाठीं?

शास्त्राच्या तासाला एक प्रश्न दरवर्षीं हटकून निघतो. वर्ग बदलतो, विद्यार्थी बदलतात, परंतु प्रश्न तोच असतो: ज्यांनीं ख्रिस्ताचें नांवहि कधीं ऐकलें नाहीं, त्यांचें काय होणार? विचारणाऱ्याच्या मनांत बहुधा त्याचे आजोबा किंवा पणजी असतात. याच्या उलट कांहीं ख्रिस्ती मुलें असा तर्क लढवितात कीं, देव जर इतका दयाळू आहे तर तो शेवटीं सर्वांनाच तारील. मग पश्चात्तापाची यातायात कशाला? पहिल्या प्रश्नांत भीति आहे, दुसऱ्यांत बेफिकिरी आहे. परंतु मूळ दोहोंचें एकच. ख्रिस्ती धर्मांत सांगितलेलें तारण सर्व मनुष्यांसाठीं आहे, कीं पश्चात्ताप करून विश्वास ठेवणाऱ्यांपुरतेंच आहे? आपल्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एकाच बाकावर बसतात, म्हणून हा विषय केवळ पंडितांचा राहात नाहीं. तो मुलांबरोबर घरींहि जातो. विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस त्याचा थोडा उलगडा व्हावा, या हेतूनें हें लिहिलें आहे.

प्रथम तीन शब्दांचे अर्थ नीट ध्यानांत घेतले पाहिजेत. ‘तारण’ म्हणजे बुडणाऱ्यास वर काढणें. मनुष्य ज्यांत बुडत आहे त्यास शास्त्र पाप म्हणतें. आणि पाप म्हणजे नुसतीं वाईट कृत्यें नव्हेत, तर देवापासून तुटलेली मनाची स्थिति होय. तेव्हां तारण म्हणजे मरणानंतर स्वर्गांत मिळणारी जागा एवढेंच नसून देवाशीं व शेजाऱ्याशीं मोडलेलें नातें पुन्हा जुळणें होय, आणि त्याचा आरंभ याच आयुष्यांत होतो. ‘पश्चात्ताप’ या आपल्या शब्दाचा अक्षरार्थ मागाहून होणारा ताप असा आहे. परंतु नव्या करारांतील ‘मेटानोइया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणें असा आहे, व जुन्या करारांतील ‘शूब’ या इब्री शब्दाचा अर्थ माघारें फिरणें असा आहे. चोरी उघडकीस आली म्हणून रडणारा मुलगा पश्चात्तापी असेलच असें नाहीं. जो वस्तु परत नेऊन देतो तो पश्चात्तापी. जक्कय जकातदारानें येशूचें आपल्या घरीं स्वागत केलें, तेव्हां तो रडल्याचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानांत नाहीं; त्यानें अर्धी मालमत्ता दरिद्र्यांस देण्याचें व अन्यायानें घेतलेलें चौपट परत करण्याचें ठरविलें, असा उल्लेख आहे. तिसरा शब्द ‘विश्वास’. पूल मजबूत आहे असें म्हणणें निराळें, आणि त्यावर पाय टाकून पलीकडे जाणें निराळें. शास्त्रांतील विश्वास हा या दुसऱ्या जातीचा आहे.

आतां शास्त्र काय सांगतें तें पाहूं. त्यांत दोन प्रकारचीं वचनें आढळतात. पौलानें तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, सर्व माणसांचें तारण व्हावें ही देवाची इच्छा आहे, असा आशय आहे. योहानाच्या पहिल्या पत्रांत ख्रिस्ताचें प्रायश्चित्त केवळ विश्वासणाऱ्यांपुरतें नसून सगळ्या जगासाठीं आहे असें म्हटलें आहे. दुसऱ्या बाजूस, मार्कच्या शुभवर्तमानांत येशूच्या उपदेशाचा आरंभच पश्चात्ताप व विश्वास यांच्या हांकेनें होतो. आणि मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायांत न्यायाच्या दिवशीं मेंढरें व शेरडें वेगळीं केलीं जातात. हीं दोन्ही प्रकारचीं वचनें एकाच ग्रंथांत आहेत. एक बाजू झांकून दुसरी वाचणें सोपें असतें, परंतु तें प्रामाणिक वाचन नव्हे.

ख्रिस्ती मंडळींतहि या दोन बाजूंवरून फार वाद झाले. तिसऱ्या शतकांत आलेक्झांद्रियाचा ओरिगेन यानें असें मत मांडिलें कीं, दीर्घकाळ शुद्ध होत होत शेवटीं सर्व आत्मे देवाकडे परत येतील. सन ५५३ त कॉन्स्टँटिनोपल येथें भरलेल्या परिषदेनें पाखंडी लोकांच्या यादींत ओरिगेनाचें नांव घातलें. परंतु चौथ्या शतकांतील नुस्साचा ग्रेगरी यानें जवळजवळ तशीच आशा बाळगिली होती, आणि तो मात्र संत म्हणून आजहि मानला जातो. पुढें हॉलंडांत १६१८ व १६१९ सालीं डॉर्ट येथें सभा भरली. ख्रिस्ताच्या मरणाचें मोल सगळ्या जगास पुरेल इतकें आहे, परंतु त्याचें फळ देवानें निवडलेल्यांसच लाभतें, असा निर्णय तिनें दिला. अठराव्या शतकांत जॉन वेस्ली यानें या मतास कडकडून विरोध केला व देवाची कृपा सर्वांस मोकळी आहे असें शिकविलें. रोमन कॅथलिक मंडळीनें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेंत, १९६४ सालीं, असें जाहीर केलें कीं, स्वतःचा दोष नसतां ज्यांस शुभवर्तमान कळलें नाहीं, परंतु जे प्रामाणिक अंतःकरणानें देवाचा शोध करितात, त्यांनाहि तारण मिळूं शकतें.

हा वाद केवळ परदेशांतला नव्हे. त्याचें एक प्रकरण आपल्या महाराष्ट्राशीं निगडित आहे, व तें विद्यार्थ्यांनीं जाणून घेण्यासारखें आहे. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे अमेरिकन मिशनरी. यांचा जन्म १८४७ सालीं मुंबईस झाला; वडीलहि तेथेंच मिशनरी होते. १८७४ पासून ह्यूम यांनीं अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें काम केलें व तेथें उपदेशकांच्या शिक्षणासाठीं ईश्वरविज्ञानाची शाळा काढिली. १८८६ सालीं ते रजेवर अमेरिकेंत असतां अँडोव्हर येथील विद्यालयांत त्यांनीं एक भाषण केलें. त्या विद्यालयांतील कांहीं अध्यापकांचें मत असें होतें कीं, ज्यांस या जन्मीं ख्रिस्ताविषयीं ऐकावयास मिळालें नाहीं, त्यांस मरणानंतर देव ती संधि देईल, अशी आशा बाळगण्यास हरकत नाहीं. ह्यूम यांच्या बोलण्याचा आशय असा होता कीं, आपले सर्व पूर्वज कायमचे नाश पावले असें मानल्यावांचून ख्रिस्ती होतां येत नाहीं, असें हिंदी मनुष्यास सांगणें म्हणजे शुभवर्तमानाच्या वाटेंत धोंड घालणें होय.

एवढ्या बोलण्यावरून मोठें वादळ उठलें. ज्या अमेरिकन बोर्डानें त्यांस पाठविलें होतें, त्याच्या चालकांनीं त्यांस हिंदुस्थानांत परत धाडण्याचें लांबणीवर टाकिलें. बोर्डाच्या त्या वर्षींच्या वार्षिक सभेंत या विषयावर जोराचा वाद झाला. ज्यांनीं ह्यूम यांस अडविलें त्यांची भीति अगदींच पोकळ नव्हती. मरणानंतरहि संधि आहे असें म्हटलें, तर लोक पश्चात्ताप उद्यांवर ढकलतील व प्रचाराची तळमळ थंडावेल, असें त्यांस वाटे. अखेरीस १८८७ सालीं ह्यूम यांस परत येण्याची मोकळीक मिळाली, आणि पुढें अनेक वर्षें त्यांनीं नगर भागांत सेवा केली. त्यांच्या तळमळींत कांहीं कमी पडल्याचें कोणास दिसलें नाहीं. मृतांचा न्याय देवाच्या हातीं सोपविणारा मनुष्य जिवंतांची सेवा आळसानें करितो, हें अनुमान निदान त्यांच्या बाबतींत तरी खोटें ठरलें.

मग आपण काय समजावें? माझ्या समजुतीनें येथें तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत: तारणाचें दान, तें दान स्वीकारणें, आणि कोणीं स्वीकारलें याचा निवाडा. दान सर्वांसाठीं आहे, यांत शास्त्र कोठेंहि आडपडदा ठेवीत नाहीं. स्वीकार मात्र पश्चात्तापानें व विश्वासानेंच होतो. आणि निवाडा देवाचा आहे, आपला नव्हे. मृगाचा पाऊस गांवांतील सर्व शेतांवर सारखाच पडतो. मालक कोण हें पाहून ढग थांबत नाहींत. परंतु ज्या जमिनीची नांगरट झाली नाहीं, तिच्या टणक पाठीवरून पाणी ओढ्याला वाहून जातें. नांगरट ही पावसाची किंमत नव्हे. नांगरल्यानें कोणीं पाऊस विकत घेतला असें होत नाहीं. नांगरट म्हणजे पाऊस आंत घेण्याची तयारी. पश्चात्तापाचें तसेंच आहे. तो तारणाचें मोल नव्हे. तो मनाची भूमि उघडणें होय. देव कोणाचें मन बळजबरीनें उघडीत नाहीं, कारण बळजबरीनें जुळविलेलें नातें हें नातेंच नव्हे.

आतां, ज्यांनीं ऐकलेंच नाहीं त्यांच्याविषयीं. येथें शास्त्र आपल्यास अगदींच अंधारांत ठेवीत नाहीं. अब्राहाम ख्रिस्तापूर्वीं अनेक शतकें होऊन गेला. त्याला येशूचें नांव ठाऊक नव्हतें, तरी रोमकरांस लिहिलेल्या पत्रांत पौल त्यालाच विश्वासाचा कित्ता म्हणून पुढें ठेवितो. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायांत, ज्यांच्यापाशीं मोशाचें नियमशास्त्र नाहीं त्यांच्याहि अंतःकरणांत देवाचा नियम लिहिलेला असतो व त्यांची सद्सद्विवेकबुद्धि साक्ष देते, असें सांगितलें आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायांत कर्नेल्य नांवाचा रोमी शतपति येतो. पेत्र त्याच्या घरीं पोंचण्यापूर्वींच त्याच्या प्रार्थना देवापाशीं पोंचल्या होत्या. यावरून ज्यांस जेवढा प्रकाश मिळाला त्यांचा न्याय तेवढ्यावरून होईल, अशी आशा धरण्यास जागा आहे. म्हणून तुझे आजोबा नाश पावले, असें कोणत्याहि मुलास सांगण्याचा अधिकार कोणाहि शिक्षकास नाहीं, कोणाहि पाळकास नाहीं. तसेंच, सर्वजण तरलेच आहेत, आतां निश्चिंत झोंपा, असें सांगण्याचाहि नाहीं. ज्या पुस्तकाचें शेवटचें पान देवानें आपल्यापाशीं ठेविलें आहे, तें आपण वाचल्याचा आव आणूं नये.

येथें कोणी म्हणेल, मग शुभवर्तमान सांगावयाचें तरी कशाला? याचें उत्तर सोपें आहे. तारण ही जर केवळ मरणानंतरची सोय असती, तर त्या शंकेंत जीव होता. परंतु आईबापांशीं अबोला धरलेल्या मुलास, त्यांनीं तुला क्षमा केली आहे, हें आजच कळलें तर आपण तें दहा वर्षांनीं सांगूं असें म्हणत नाहीं. चांगली बातमी असते म्हणून ती सांगावयाची; ऐकणाऱ्यास घाबरविण्यासाठीं नव्हे.

ख्रिस्ती घरांतील मुलांस मात्र दोन शब्द अधिक सांगितले पाहिजेत. मंडळीच्या नोंदवहींत नांव असणें व देवाशीं नातें जुळणें या दोन गोष्टी एक नव्हेत. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. त्या विदुषी होत्या. प्रत्येक मत पारखून घेतल्यावांचून मान्य करीत नसत. परंतु १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं उघडपणें सांगितलें कीं, त्या वेळीं आपणांस ख्रिस्ती धर्म सांपडला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मात्र कित्येक वर्षांनीं सांपडला. एवढ्या मोठ्या बाईनें हें मोकळ्या मनानें लिहिलें, तर जन्मानें ख्रिस्ती असलेल्या आम्हीं आपल्या नांवावर किती विसंबावें? दुसऱ्या बाजूस नारायण वामन टिळक यांचें उदाहरण आहे. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, व पुढें ह्यूम यांच्या नगरच्या शाळेंत शिकविलें. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ सालीं, त्यांनीं ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा होती. कोण आंत व कोण बाहेर याची रेघ आपण जेथें ओढतों तेथेंच देव ओढतो असें नाहीं, हें या दोघांच्या चरित्रांवरून शिकावें.

शेवटीं प्रत्यक्ष येशूकडे वळूं. लूकच्या तेराव्या अध्यायांत दोन प्रसंग आहेत. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसें मेलीं होतीं. तीं माणसें इतरांहून अधिक पापी होतीं काय, या विचारास येशूनें साफ नकार दिला, आणि लगेच ऐकणाऱ्यांस बजाविलें कीं, तुम्ही मात्र पश्चात्ताप करा. पुढें कोणीएकानें विचारलें कीं, तारण पावणारे थोडेच आहेत काय? येशूनें संख्या सांगितली नाहीं. अरुंद दारानें आंत जाण्याची शिकस्त कर, एवढेंच त्याच्या उत्तराचें तात्पर्य. दोन्ही वेळां प्रश्न दुसऱ्यांविषयीं होता व उत्तर विचारणाऱ्यास मिळालें.

म्हणून विद्यार्थ्यांनो, या विषयावर वाद घालावयाचा तर खुशाल घाला. बुद्धि त्यासाठींच दिली आहे. परंतु वर्गांतील कोणाच्या घराण्याविषयीं, कोणाच्या देवघराविषयीं, कोणाच्या मृतांविषयीं निवाडा देऊं नका. आणि ज्याचें पुस्तक न विचारतां आणलें आहे, ज्याच्याविषयीं खोटें सांगितलें आहे, ज्याच्याशीं बोलणें बंद आहे, त्याच्याकडे सुट्टी लागण्यापूर्वीं जाऊन या. पालकांसहि हीच विनंति आहे कीं, मुलानें घरीं येऊन हा प्रश्न विचारला तर त्यास गप्प बसवूं नये. सर्वांसाठीं मांडलेल्या पंक्तींत किती जण बसतील हें आपल्यास सांगतां येणार नाहीं. आपलें पान मात्र मांडलेलें आहे, एवढें त्यास जरूर सांगावें.