विकत घेण्याआधी लेन्सची परीक्षा

लेन्स शार्प आहे की नाही, हे एका फोटोवरून ठरत नाही. फोटो अस्पष्ट येण्याची बरीचशी कारणे लेन्सच्या बाहेर असतात: हात हललेला असतो, फोकस थोडा पुढे-मागे लागलेला असतो, शटरचा वेग कमी पडलेला असतो किंवा समोरची भिंत कॅमेऱ्याला समांतर नसते. ही कारणे एकेक करून दूर केल्यावर जो दोष उरतो, तोच लेन्सचा. चाचणी घाईत उरकली तर चांगली लेन्स नाकारली जाते आणि सदोष लेन्स पैसे मोजून घरी येते. यातले दुसरे नुकसान मोठे, कारण तो दोष पुढे प्रत्येक फोटोत उतरत राहतो.

५० मिलिमीटर, एफ/१.८ ही लेन्स उदाहरण म्हणून सोयीची आहे. किट लेन्सनंतर अनेक हौशी छायाचित्रकार हीच घेतात. ती २४ मेगापिक्सेलच्या फुलफ्रेम कॅमेऱ्यावर लावून भिंतीपासून दोन मीटरवर ठेवली, तर चौकटीत साधारण १.४ मीटर रुंद आणि जेमतेम एक मीटर उंच भाग येतो. वर्तमानपत्राची चार उघडी पाने शेजारी-शेजारी चिकटवली की तो भरून निघतो. बारीक अक्षरांचे छोट्या जाहिरातींचे पान यासाठी उत्तम. कागद मात्र सपाट बसला पाहिजे, फुगलेला कोपरा निकाल बिघडवतो.

कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, स्टॅबिलायझेशन बंद आणि दोन सेकंदांचा टायमर, इतकी तयारी पुरते. खरी कसोटी समांतरतेची असते. एफ/१.८ ला दोन मीटरवर पिक्सेलच्या पातळीवर खरोखर शार्प दिसणारा थर जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर जाडीचा असतो. कॅमेरा दीड अंशाने जरी तिरका राहिला तरी चौकटीची एक कड त्या थराबाहेर जाते आणि निर्दोष लेन्सवर ठपका येतो. यावर जुना आणि खात्रीचा उपाय आरशाचा. चौकटीच्या मध्याशी भिंतीला टेकवून सपाट आरसा धरायचा आणि कॅमेऱ्यातून पाहायचे. लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब बरोबर मधोमध दिसले की कॅमेरा भिंतीला काटकोनात आहे.

फोकस ऑटोफोकसवर सोडू नये. स्क्रीनवरचे चित्र मोठे करून तो हाताने लावावा आणि काही फोटो पुन्हा फोकस लावून घ्यावेत. ऑटोफोकसची परीक्षा वेगळी. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर चित्राच्या सेन्सरहून निराळा असतो, त्यामुळे दोघांत फरक पडू शकतो आणि तो अनेक कॅमेऱ्यांत सेटिंगमधून दुरुस्तही होतो. मिररलेसमध्ये फोकस चित्राच्या सेन्सरवरच ठरत असल्याने ही तक्रार फारशी येत नाही.

पुढची पायरी म्हणजे अपर्चर बदलत जाणे: एफ/१.८, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. पूर्ण उघड्या अपर्चरला भिंगाच्या कडेने येणारे किरण आणि मधले किरण एकाच बिंदूवर जुळत नाहीत, म्हणून अक्षरांभोवती धूसर वलय दिसते. एक-दोन स्टॉप बंद केले की ते बहुतांश नाहीसे होते. फार बंद केल्यावर उलटी अडचण सुरू होते. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि बिंदूच्या जागी छोटी चकती उमटते. जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८३५ मध्ये तिचे गणित मांडले. हिरव्या प्रकाशासाठी ही चकती एफ/८ ला सुमारे १०.७ मायक्रॉन आणि एफ/१६ ला सुमारे २१.५ मायक्रॉन व्यासाची होते. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल मात्र सुमारे ६ मायक्रॉनचा. म्हणून एफ/१६ चा फोटो कोणत्याही लेन्सने मऊच येणार, आणि त्यावरून लेन्सला नापास करणे अन्यायाचे आहे.

फोटो रॉ स्वरूपात घ्यावेत आणि पाहताना लेन्स प्रोफाइलची दुरुस्ती बंद ठेवावी. सॉफ्टवेअर वक्रता सरळ करताना कोपरे ताणते, आणि तो मऊपणा काचेचा नसतो.

मग नजर मध्यावरून कोपऱ्यांकडे न्यायची. कोपरे मध्यापेक्षा कमी शार्प असणे हा लेन्सच्या रचनेचा भाग आहे, तो त्या मॉडेलच्या प्रत्येक प्रतीत दिसेल. कोपऱ्यावर पुन्हा फोकस लावल्यावर तो स्वच्छ येत असेल, तर लेन्सचे फोकसचे प्रतल वाकलेले आहे इतकाच त्याचा अर्थ. हातातली प्रत बिघडलेली आहे का, हे चार कोपऱ्यांच्या परस्पर तुलनेतून कळते. डावे कोपरे स्वच्छ आणि उजवे पुसट असतील तर आतले एखादे भिंग सरकलेले किंवा तिरके बसलेले असण्याची शक्यता असते. एकाच मॉडेलच्या प्रतींत असे फरक असतात, हे अमेरिकेत लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्सच्या रॉजर सिकाला यांनी अनेक प्रती मोजून दाखवले आहे.

दोष ठरवण्याआधी कॅमेरा उलटा करून, समांतरता पुन्हा आरशाने तपासून, त्याच भिंतीचा फोटो घ्यावा. भिंतीचा तोच भाग पुसट राहिला तर चूक मांडणीची. पुसटपणा भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेला तर तो कॅमेऱ्याबरोबर फिरला, म्हणजे दोष लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्याच्या माउंटमध्ये. दुसरी लेन्स लावून पाहिली की या दोघांचाही निवाडा होतो. सगळ्या चाचणीत इतकी निर्विवाद उत्तरे देणारी दुसरी पायरी नाही.

दोन मीटरवरची भिंत सगळे सांगत नाही. दूरवरची इमारत, खिडक्यांचे गज, पाट्यांवरची अक्षरे यांचेही फोटो हवेत. टेलिफोटो लेन्ससाठी हे सकाळी लवकर करावे. दुपारी तापलेल्या हवेच्या लहरींत कोणतीही लेन्स मऊ दिसते.

दुकानात मात्र ट्रायपॉड आणि आरसा नसतो. मुंबईच्या फोर्टमधल्या बोरा बाजारासारख्या गजबजलेल्या ठिकाणी सेकंडहँड लेन्स घेताना स्वतःचा कॅमेरा आणि मेमरी कार्ड न्यावे, शटरचा वेग १/१००० च्या आसपास ठेवावा आणि एखादी ठळक पाटी आलटून पालटून चारही कोपऱ्यांत घ्यावी. प्रत्येक वेळी फोकस त्या कोपऱ्यावरच लावावा. भिंत समांतर नसली तरी ही तुलना चालते.

शेवटी काचेची तपासणी. लेन्सच्या मागून टॉर्चचा प्रकाश पाडला की आतली बुरशी कोळिष्टकासारखी दिसते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या पावसाळी दमटपणात ती सहज धरते. थोड्या धुळीने काही बिघडत नाही. बुरशीचे तसे नाही, आणि वर्तमानपत्राच्या चाचणीत ती हमखास सापडेलच असेही नाही, कारण सुरुवातीला ती बारकाव्यांपेक्षा कॉन्ट्रास्ट खाते. म्हणून एक फोटो उजळ खिडकीकडे तोंड करून घ्यावा आणि शक्य असल्यास त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रतीशी ताडून पाहावा. बुरशी पसरलेल्या लेन्समध्ये खिडकीलगतचा काळा भाग राखाडी पडतो.